सुमन नावाचं कपाट

आमच्या आंधळगावच्या वाचनालयात एका कपाटाला विषय नव्हता. बाकीच्या कपाटांवर कथा, कादंबरी, चरित्र, धार्मिक, शेती अशा कागदी पट्ट्या डकवलेल्या होत्या. दारामागच्या जुन्या लाकडी कपाटावर मात्र पांढऱ्या ऑइलपेंटने एकच शब्द रंगवलेला होता : सुमन.

मला आधी वाटलं, कोणा सुमनबाईंनी दिलेली देणगीची पुस्तकं असतील. एकदा उघडून पाहिलं तर पहिलंच हाताला आलं ते लोणच्यांचं पुस्तक. त्याला खेटून दरोडेखोरांची जाड कादंबरी. मग होमिओपॅथी, मग एक बालनाट्य, मग हिंदी कवितांचं पातळ पुस्तक आणि शेवटी शाळेतलं जुनं अंकगणित. प्रत्येकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा बिल्ला बांधलेला, आणि त्यावर बारीक, सरळ, कारकुनी अक्षर. लोणच्यांवर लिहिलं होतं, ‘सुमन – लेखिका.’ दरोडेखोरांवर, ‘सुमन – फौजदाराची बायको, पान ६१ ते ६४.’ हिंदी कवितांवर, ‘सुमन – कवी, पुरुष.’ अंकगणितावर, ‘सुमन – उदाहरण सतरावे. आंबे वाटते.’

“काय पाहून राहिली?” मागून आवाज आला.

मी दचकून पुस्तक जागेवर ठेवलं. ते चुकीच्या जागी ठेवलं हे त्यांनी तिथूनच पाहिलं, पुढे आले आणि दोन पुस्तकं सोडून बरोबर जागी लावलं.

ते म्हणजे आमचे ग्रंथपाल. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणायचं. जन्म आंधळगावचाच, विणकराच्या घरचा, पण नोकरीची सगळी वर्षं भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये गेली. तिथे कारकुनाला बाबू म्हणत. तो शब्द निवृत्तीबरोबर गावात आला आणि इथे त्याला ‘जी’ लागला. लग्न केलेलं नव्हतं. गळ्याशी शेवटचं बटण लावलेला पूर्ण बाहीचा शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा. वर्तमानपत्र ते कधी बसून वाचत नसत. टेबलाशी उभे राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, खाली वाकून वाचत आणि पान उलटायच्या वेळी तेवढा एक हात सोडवून घेत. बोलणं फार कमी. एखाद्याने “बाबूजी, आज लय गरम होऊन राहिलं,” म्हटलं, तर ते थोडा विचार करून “हो” म्हणत, आणि संपलं.

पण पुस्तक परत करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एक प्रश्न न चुकता विचारत. पुस्तक कसं होतं, हे नाही. “यात सुमन दिसली का कुठं?”

त्या प्रश्नामुळे गावातल्या वाचणाऱ्या बाया गोष्टीपेक्षा सुमनच शोधू लागल्या होत्या. आमच्या शेजारच्या काकू एकदा धापा टाकत आल्या. “बाबूजी, सापडली! पन बिचारी एकदाच येते. विहिरीवर पानी भरते नि निघून जाते.”

“पान सांगा.”

“एकशे नऊ.”

बाबूजींनी खणातून पुठ्ठा काढला, लिहिलं, दोरा ओवला. “पानी भरते त भरते,” ते म्हणाले. “आहे ना.”

त्यांचे नियम कडक होते. शाळेतल्या एका गुरुजींनी मोठ्या हौसेने एक कादंबरी आणून दिली, त्यात सुमती होती. बाबूजींनी ती परत केली. “एकाच अक्षराचा त फरक आहे,” गुरुजी म्हणाले. बाबूजी म्हणाले, “स्टोअरमध्ये एका अक्षराच्या फरकानं दुसरा माल येते.” मग गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून ते पुस्तक त्यांनी कादंबऱ्यांच्या कपाटात अगदी समोर ठेवलं.

जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनीही एकदा विचारलं होतं, की या पुस्तकांची वर्गवारी कोणत्या विषयाखाली केली आहे. बाबूजींनी कपाटावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, “हे नाव झालं. मी विषय विचारतोय.” बाबूजी म्हणाले, “तोच विषय आहे, साहेब.” साहेबांनी काही तरी लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले.

गावाने अर्थात आपापलं उत्तर काढलेलं होतं. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कोणी तरी सुमन असणार, तिचं लग्न दुसरीकडे झालं असणार, म्हणून हा माणूस तसाच राहिला. माझी आई हे इतक्या खात्रीने सांगायची, की त्या मुलीच्या साडीचा रंगही तिला माहीत असावा. बाबूजींना मात्र कोणी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखा चेहराच नव्हता त्यांचा.

बी. ए. झाल्यावर मी तलाठ्याच्या परीक्षेसाठी वाचनालयात बसू लागले. आम्ही पाच-सहा जण होतो. घरी एकाच खोलीत टीव्ही, माग आणि पाहुणे, त्यामुळे ते एक टेबल आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. पण टेबल एकच. तिघं बसत, बाकीचे भिंतीला टेकून गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवत. दारामागचं ते कपाट हललं असतं तर दुसरं टेबल सहज मावलं असतं. शेवटी आम्ही वाचनालयाच्या समितीला अर्ज करायचं ठरवलं, आणि माझं मराठी बरं म्हणून तो मी लिहिला. ‘सदर कपाटातील पुस्तके निरुपयोगी असून ती काढून टाकल्यास विद्यार्थ्यांची सोय होईल.’ सगळ्यांनी सह्या केल्या. समितीने आठवड्याभरात होकार दिला. कपाट जाणार, पुस्तकं रद्दीत.

समितीच्या माणसाने मंजुरीचा शेरा मारलेला आमचा अर्ज बाबूजींच्या हातात दिला तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी तो वर्तमानपत्रासारखा टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि वाकून वाचला. मग आमच्याकडे वळले.

“‘निरुपयोगी’ शब्द कोनाचा?”

मी म्हटलं, “माझा.”

“स्टोअरमध्ये आम्ही ‘अनुपयोगी’ लिहीत होतो,” ते म्हणाले. आवाज जराही चढलेला नव्हता. “निरुपयोगी म्हंजे कामाचं नाहीच. अनुपयोगी म्हंजे आता कामाचं राहिलं नाही. परीक्षेले बसून राहिली तू. शब्द पाहून वापरत जा.”

एवढंच. मग समितीच्या माणसाला त्यांनी विचारलं, की रद्दीत देण्यापेक्षा मी घरी नेली तर चालतील का. चालतील, म्हणाला तो.

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलच्या कॅरियरला पुस्तकं बांधून नेऊ लागले. सुताची दोरी, वर गोणपाट, सायकल हातात धरून पायी. पहिली खेप गेली. दुसरी गेली. आम्ही आतमध्ये समोर वही धरून बसलो होतो. तिसऱ्या खेपेला गठ्ठा एका बाजूला कलला, बालनाट्य रस्त्यावर पडलं आणि बिल्ला तुटून नालीत गेला. ते वाकले, पण सायकल सोडता येईना. मी उठले, बाहेर जाऊन पुस्तक उचललं आणि मागून गठ्ठ्याला हात लावला. त्यांनीही नको म्हटलं नाही.

त्यांचं घर विणकरांच्या आळीत, शेवटचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा असलेला जुना माग होता, बंद पडलेला, त्यावर आता चादरी वाळत होत्या. अंगणात भिंतीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. पांढरेफेक केस, कपाळावर गोंदण, नजर कुठे तरी आमच्या डोक्यावरून जाणारी. डोळे गेलेले होते.

“कोन हाये संगं?” तिने विचारलं.

“वाचनालयातली पोरगी आहे, बाई,” बाबूजी म्हणाले. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी मला सांगितलं, “माझी मोठी बहीण. सुमन.”

माझ्या हातात पुस्तकं होती, नाही तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक.

ती मात्र हसली. “सगळ्या सुमना घरी आल्या म्हना आता! ठेवशील कुठं गा येवढ्या?”

तिने मला जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेऊन पाहिला, कोणाची कोण ते विचारलं, आणि चुलीवर चहा मांडायला स्वतः उठली. अंदाजाने पावलं टाकत, डबे चाचपत, पण एक थेंब न सांडता.

मी निघाले तेव्हा बाबूजी कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, “बाबूजी, मला माहीत नव्हतं.” ते म्हणाले, “कोनालेच माहीत नाही. सगळी आळी तिले बाईच म्हनते.” आणि मग तिथे विजेच्या खांबाजवळ उभं राहून, सायकलच्या घंटीवर अंगठा घासत, ते जेवढं बोलले तेवढं त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सुमनबाईंचं लग्न फार लहानपणी झालं होतं. सहा महिन्यांत त्या परत आल्या. काय झालं ते घरात कोणी बोललं नाही. मग दिवसभर कांड्या भरायचं काम, म्हणजे मागासाठी बारीक नळ्यांवर सूत गुंडाळायचं. गल्लीतल्या प्रत्येक मागासाठी त्या कांड्या भरत. त्यावरच बाबूजींची शाळा झाली, पुढे भंडाऱ्याला कॉलेजही झालं.

“मी सातवीत होतो,” ते म्हणाले. “मोठ्यानं धडा वाचून राहिलो होतो. बाई कांड्या भरता भरता ऐके. तिनं विचारलं, ‘का रे, माझं नाव हाये का कुठं तुझ्या पुस्तकात?’ संगं दोन दोस्त बसून होते माझे. मले लाज वाटली. मी म्हटलं, ‘पुस्तकात शिकल्या-सवरल्या लोकाईचे नाव राहतात. कांड्या भरनाऱ्याईचे नाही राहत.’ दोस्त हासले. बाई काम करत राहिली.”

ते थांबले. मग पुढे बोलू लागले.

“नोकरीत कधी आठवन नाही झाली. जवाहरनगरले राहत होतो. शनिवारी येवो, पगार देवो, जावो. रिटायर होऊन घरी आलो, त आम्हा दोघाईले बोलाले काही नाही. जेवन झालं का, झालं. औषध घेतलं का, घेतलं. तीन महिने असेच गेले. मग वाचनालयात हे काम भेटलं, नि एक दिवस एका कादंबरीत नाव दिसलं. सुमन. मास्तरीन राहते ती. त्या एका मिनिटात मले सगळं आठवलं. घरी आनली, बाईले वाचून दाखवली. बाईनं विचारलं, ‘मंग काय झालं तिचं?’ तवापासून रोज चार वाजता वाचतो.”

“त्यांना सांगितलंत? सातवीतलं?”

त्यांनी मान हलवली. “कोन्या तोंडानं सांगू?”

त्या वर्षी दुसऱ्या टेबलावर बसून अभ्यास करणं मला जड गेलं. पण मी तिथेच बसले आणि पास झाले, हेही खरं आहे. नेमणूक बपेऱ्याला मिळाली, पार मध्य प्रदेशच्या हद्दीला. मी पेढे घेऊन गेले तेव्हा बाबूजींनी ते बहिणीच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाले, “सातबाऱ्यावर बायाईचे नाव नीट लिहीत जा. लोक विसरतात.”

आणखी वर्षभराने आईचा फोन आला. बाबूजींना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भंडाऱ्याहून घरी आणलं होतं.

रविवारी मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत, मागाशेजारी, त्यांची खाट होती. गळ्याशी बटण लावलेलं होतं. ते बहिणीने लावलं असणार. मला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि भिंतीकडे दाखवला. तिथे फळ्यांवर ती सगळी पुस्तकं त्याच क्रमाने उभी होती, बिल्ले लोंबत होते.

“चार वाजले का रोज असाच हात दाखवते,” सुमनआत्या म्हणाल्या. सुमनबाईंना मी एव्हाना आत्या म्हणू लागले होते. “मले कुठं वाचता येते? तू वाचून दाखवतं का वो, पोरी?”

तेव्हापासून दर रविवारी मी तुमसरहून बस बदलून गावी येऊ लागले. चार वाजता खाटेजवळ बसायचं आणि वाचायचं. कोणाची तरी मावशी सुमन, शेतकी खात्याच्या पुस्तिकेत वांग्याची रोपं लावणारी सुमन, रेल्वेत एक डबा चुकलेली सुमन. आत्या मध्येच बोलत. “असं कोनी करते का, येडी कुठची!” किंवा “बरं केलं तिनं. मीबी तेच केलं असतं.” बाबूजी डोळे मिटून पडलेले असत. आत्या बोलल्या, की त्यांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलायची.

एका रविवारी मी जी कादंबरी काढली तिच्या बिल्ल्यावर कोपऱ्यात लाल ठिपका होता. मी लक्ष दिलं नाही. त्यातली सुमन सासरचा जाच सोसते, माहेरी पत्रं पाठवते, कोणी येत नाही. शेवटच्या प्रकरणात ती पहाटे तलावाकडे निघते. मी वाचत गेले. ती पाण्यात उतरते. खाटेवरून एक घुसमटलेला आवाज आला. बाबूजी डावा हात जोरजोरात हलवत होते, डोळे मोठे झाले होते. मला वाटलं, काही दुखतंय. मग त्यांची नजर पुस्तकाकडे आहे हे कळलं. मी पान उलटलं. तिथे एक घडी घातलेला कागद होता, त्याच कारकुनी अक्षरात लिहिलेला. ‘तलावावर धुणे धुणाऱ्या बायका तिला पाहतात. बाहेर काढतात. सुमन त्यांच्यासोबत गावात येते. तिथे शिवणकाम शिकते. पुढे तिचा भाऊ तिला न्यायला येतो. ती म्हणते, मी सुखी आहे, तू जेवून जा.’

मी तो कागद वाचला. वाचताना माझा आवाज नीट राहिला नाही.

आत्या म्हणाल्या, “त्याच्या पुस्तकात कोनीच मरत नाई. मले समजे. तिथं आलं का त्याचा आवाज बदले. आपल्या मनचं सांगून राहिला, हे मले दिसे.” त्यांनी हात लांबवून भावाचा हात शोधला. “कायले घाबरतं गा? मरत असतीन त मरू दे. पुस्तकातल्याच त हायेत.”

बाबूजींच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानाकडे गेलं. ते पुसायला उजवा हात उठत नव्हता आणि डावा आत्यांच्या हातात होता. मी पदराने पुसलं.

धान कापणीच्या दिवसांत ते गेले. रविवार नव्हता, त्यामुळे मी तिथे नव्हते.

तेरवी झाली. त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे चार वाजता गेले. खाट उभी करून ठेवली होती. सुमनआत्या मागाच्या कडेला टेकून बसल्या होत्या. मी फळीवरून एक पुस्तक काढलं, उघडलं, आणि मला वाचवेना. एवढी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते त्यांना सांगायचंच, असं मी बसमध्ये ठरवलं होतं.

“आत्या, बाबूजींच्या मनात एक गोष्ट होती,” मी म्हटलं, आणि सातवीतला धडा, दोस्त, कांड्या, सगळं सांगितलं. ते काय बोलले होते तेही सांगितलं, शब्द न बदलता.

आत्यांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं.

“असा म्हनला होता तो? मले त नाई आठवत, पोरी.”

“तुम्ही विचारलं होतं. तुमचं नाव पुस्तकात आहे का म्हणून.”

“विचारलं असन. तवा कांड्या भरता भरता काहीबाही बोलत राहो आपन. कोन ध्यानात ठेवते?” त्या थांबल्या. आंधळे डोळे फळ्यांच्या दिशेने वळले. “तेवढ्यासाठी येवढं जमवलं त्यानं?”

“हो.”

“अगं माय,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या.

बाहेर कोणाच्या तरी मागाचा खटखट आवाज चालू होता. मी विचारलं, “यातली कोणती सुमन आवडली तुम्हाला? तीच वाचते आज.”

“खरं सांगू का?” आत्या म्हणाल्या. “मले पुस्तकाची गोडी कधीच नव्हती. इकडून आयकलं नि तिकडून विसरलं. पन तो लहानपनापासून मुका. नोकरीवरून आला त घरात दोन भिंती बसल्यासारखे बसो आम्ही. मंग एक दिवस पुस्तक घेऊन आला नि मायाजवळ बसला. मी म्हटलं, मंग काय झालं तिचं? असं विचारलं का तो आनखी बसे. म्हनून रोज तेच विचारत राहिली मी.”

पुस्तक तसंच उघडं माझ्या मांडीवर होतं. आत्यांनी हात पुढे करून ते चाचपलं, मिटलं आणि बाजूला सारलं.

“बपेऱ्याची बस कितीची हाये तुयी?”

“साडेसहाची.”

“मंग बस थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “वाचू नोको. अशीच बस.”